आपोआप निरंक

"निरंक माणसानं द्यायचं असतंय सूनबाई. मशीनला शिकवून ठिवलं, की मग ते निरंक न्हाई ऱ्हात. नुसता आवाज ऱ्हातो."

निवृत्तीमामा हे म्हणाले तेव्हा महानंदा एका हातानं मितूच्या तोंडात वरणभात कोंबत होती आणि दुसऱ्या हातानं मोबाईलमध्ये ते नवं ॲप बसवत होती. तिनं "हो मामा" म्हटलं आणि सासऱ्यांचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. मामा लोह्याकडच्या त्यांच्या गावाहून एसटीनं आले होते, हातात पाण्याचा कॅन घेऊन. त्या उन्हाळ्यात लातूरला येणारा पाहुणा पेढे आणत नव्हता, पाणी आणत होता. सून नाराज झाली तर पुढच्या खेपेला कॅन कुणासाठी उचलायचा, असा विचार करूनच बहुतेक त्यांनीही तिचं 'हो' खरं धरलं.

भानगड होती ती रोजच्या मिस्ड कॉलची. नवऱ्याची, धम्मपालची, नोकरी नांदेडला. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधले दिवस महानंदा आणि दहा महिन्यांची मितू, दोघीच. म्हणून मामांनी दंडक घातला होता: दुपारी ते मिस्ड कॉल देणार, आणि महानंदानं उलट एका शब्दाचा मेसेज करायचा, 'निरंक'. सांगण्यासारखं काही नाही. पण सांगण्यासारखं काही नाही हे सांगायचं मात्र चुकवायचं नाही.

"अहो मामा, काही झालं तर मीच फोन करीन ना!"

"झाल्यावर फोन करायला माणूस जाग्यावर ऱ्हातंय का?"

"मग रोज काय कळवायचं? आज दात आला नाही, उद्याही आला नाही?"

"तेच. न्हाई आला म्हणून कळवायचं."

मामांना ही खोड नोकरीतून लागलेली. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला, तेव्हा ते तरुण कारकून होते. कचेरीला धड इमारत नव्हती, खुर्च्या भाड्याच्या होत्या. पण काही वर्षांत एका खोलीत कॉम्प्युटर आला आणि माणसांना पंखा नसलेल्या त्या कचेरीत कॉम्प्युटरला एसी मिळाला. बाहेर चपला काढून आत जायचं. आत गेलेला माणूस बाहेर यायला मागायचा नाही, इतका गारवा. मामा तिथं ऑपरेटर झाले. नातेवाइकांत त्यांची ओळख "हिरव्या अक्षराचा टीव्ही चालवतो तो" अशी होती.

त्या मशीनची एक गोष्ट मामा दर भेटीत सांगत. तालुक्याच्या गावी छोटी यंत्रं होती, फोनच्या तारेनं जोडलेली. मोठं मशीन वाट बघत बसायचं नाही. ते एकेकाचं नाव घेऊन हाका मारत फिरायचं. औसा, हाय का? निलंगा, हाय का? ज्याच्याकडं टँकरची मागणी असेल त्यानं ती द्यायची. ज्याच्याकडं काही नाही त्यानं 'निरंक' द्यायचं. आणि जो काहीच देणार नाही, त्याच्या नावापुढं पडद्यावर अक्षर लुकलुकायला लागायचं. मग मामा उठून ट्रंक कॉल लावायचे, तोही नाही लागला तर जीप पळवायचे.

"म्हंजी तीन तऱ्हा," मामा बोटं उभी करत. "मागणी हाय, मागणी न्हाई, आणि बोलतच न्हाई. तुमच्या ह्या मोबाईलला तिसरी तऱ्हा म्हाईतच न्हाई. त्याला वाटतं गप हाय म्हंजी बरं हाय."

महानंदा नांदेडला बीएस्सी कॉम्प्युटर झालेली. ही पद्धत तिनं पुस्तकात वाचली होती आणि तिचे तोटे परीक्षेत लिहून पूर्ण मार्क घेतले होते. यंत्रानं दारोदार विचारत फिरणं म्हणजे वेळेची नासाडी. आता ज्याला काम आहे तो स्वतः घंटी वाजवतो. जग पुढं गेलं.

जग पुढं गेलं, पण मामांचा मिस्ड कॉल रोज नेमका मितू झोपताना यायचा. कधी महानंदाचे हात पिठात असायचे. निरंक जायला जरा उशीर झाला, की मामा धम्मपालला, धम्मपाल शेजारच्या साखराबाईला, आणि साखराबाई दार बडवत, "अगं ए महानंदा, जिती हाईस का गं? तुझा सासरा गाव गोळा करून राहिला!" एकदा तर मितू दोन तासांच्या खटपटीनं झोपली होती, ती त्या बडवण्यानं उठली. त्या दिवशी महानंदानं ठरवलं. शिक्षण कशासाठी घेतलं मग? ॲपमध्ये मामांचा नंबर घातला, पाच रिंगा झाल्या की 'निरंक' आपोआप.

मामांनी तेव्हा आणखीही एक गोष्ट सांगायला घेतली होती. एका तालुक्याच्या ऑपरेटरनं मशीनला असंच शिकवून ठेवलं आणि स्वतः लग्नाला गेला. लातुरात रोज निरंक येत राहिलं, आणि तिकडं एका गावच्या विहिरीत बाया बादल्या सोडून खडक खरवडत होत्या. पुढं काय झालं ते महानंदानं ऐकलं नाही. मितूनं वरणभात फुर्रकन उडवला होता.

एप्रिल लागला. लातुरात रेल्वेनं पाणी येणार अशी बातमी फिरू लागली, आणि लोक पावसासारखी रेल्वेची वाट बघू लागले. महानंदाच्या अपार्टमेंटमध्ये वर्गणीचा टँकर एका दिवसाआड यायचा आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं. एकदा रातोरात कुणी तरी टाकीत पाइप सोडून पाणी ओढलं, तेव्हापासून सेक्रेटरी गुरुपादप्पांनी गच्चीच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं होतं. गुरुपादप्पा उदगीरकडचे, तेलाच्या धंद्यातले. किल्ली ते करदोट्याला बांधून झोपत, असं साखराबाई सांगायची.

त्या दिवशी सकाळी टँकर येऊन गेला. महानंदानं घरातलं होतं नव्हतं ते सगळं भरून घेतलं. बादल्या, पातेली, कुकरचं भांडं, आणि मितूच्या आंघोळीचा मोठा टब काठोकाठ. दुष्काळात घर असं भरून ठेवावं लागतं. चालायला वाट उरत नाही. मितू झोपली होती. दुपारी टाकीतलं पाणी बघायला गुरुपादप्पांनी गच्ची उघडली आहे हे दाराच्या करकरण्यावरून कळलं, तशी महानंदा धावली. सकाळी वाळत घातलेली मितूची दुपटी वरच होती. लॅच ओढलं, किल्ली ओढणीच्या पदराला होती. फोन मितूच्या उशाशी राहिला. एका मिनिटाचं तर काम.

दुपटी वाऱ्यानं टाकीमागं उडाली होती. ती वाकून गोळा करत असताना दार करकरलं, कडी बसली, कुलूप खट्ट वाजलं.

"ओ काका!"

खाली उतरणाऱ्या चपलांचा आवाज चालू राहिला. गुरुपादप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. उजव्या कानानं ते फक्त वर्गणीचं बोलणं ऐकतात, असं लोक म्हणत.

महानंदानं दार बडवलं. दोन्ही हातांनी, मग दुपट्याच्या बोळ्यानं, कारण पत्रा तव्यासारखा तापला होता. कुणी आलं नाही. ती कठड्याशी गेली. समोरच्या कोचिंग क्लासचे कूलर घरघरत होते, खिडक्यांना काळा कागद. खाली कोपऱ्यावरच्या बोअरपाशी घागरींची रांग आणि रोजचं भांडण. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. रांगेतल्या एकानं वर बघितलं, हात हलवला आणि ओरडला, "ओ ताई, वरून वशिला चालत न्हाई! नंबरला या!" रांग हसली. त्या उन्हाळ्यात लातुरात बाया गच्चीवरून ओरडतच होत्या. ओरडणं ही काही खबर राहिली नव्हती.

पाय भाजत होते म्हणून तिनं दुपटी खाली टाकली आणि त्यांच्यावर उभी राहिली. घाबरायचं नाही, तिनं स्वतःला सांगितलं. मितू तासभर तरी झोपेल. तोवर कुणी येईलच.

कोण येईल? कशाला येईल? धम्मपालला वाटणार, काही असतं तर फोन आला असता. साखराबाईला वाटणार, झोपल्या असतील मायलेकी. गुरुपादप्पा परवा येणार, पुढच्या टँकरला. आपण इथं आहोत हे कुणाला ठाऊक नाही, एवढंच नव्हतं; आपण जिथं असायला हवं तिथं नाही आहोत, हेही कुणाच्या लक्षात येणार नव्हतं.

मामांच्या. फक्त मामांच्या.

ते आठवलं आणि तिला एकदम धीर आला. मिस्ड कॉल येईल, उत्तर जाणार नाही, मामा धम्मपालला लावतील, धम्मपाल साखराबाईला—

मग तिला ॲप आठवलं.

न्हाण्यांच्या हवेसाठी ठेवलेला चौकोनी बोगदा गच्चीवर उघडा निघत होता. त्यातून खालच्या घरांतले आवाज वर यायचे. ती तिथं ओणवी झाली, तेवढ्यात खालून तिच्याच फोनची रिंग ऐकू आली. एक. दोन. तिसऱ्या रिंगेला मितू कुरकुरली. चौथीला रडायला लागली. पाचवी वाजली आणि फोन बंद झाला. 'निरंक' गेलं असणार. तिकडं गावात लिंबाखाली मामांनी चष्मा लावून तो शब्द वाचला असणार, खिशात फोन ठेवला असणार आणि पाय लांब केले असणार. आणि मितू उठली होती.

"मितू! बाळा, आई इथंय! तिथंच बस हं! हलू नको!"

ती बोगद्यात तोंड घालून ओरडत होती. दहा महिन्यांच्या पोरीला हलू नको म्हणून सांगत होती. मितूला आवाज कळला. रडणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण जागा बदलून. आवाज सरकत होता. मितू आईला शोधत आवाजाच्या दिशेनं, म्हणजे न्हाणीकडं रांगत निघाली होती. आणि न्हाणीच्या दारातच तो टब होता. काठाला धरून उभं राहायला ती त्याच आठवड्यात शिकली होती. धम्मपालनं त्याचा व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता.

महानंदानं तोंडावर हात दाबून धरला. आता हाक मारली तर पोर पुढं येणार. नाही मारली तर रडणार. रडू दे. रडतेय तोवर आहे.

"साखरामावशी!" ती दुसऱ्या बाजूला धावली, कठड्यावरून खाली वाकून हाका मारल्या, पुन्हा दाराला लाथा घातल्या. टाकीवर वीट आपटली. खालून कुणाचा तरी पाण्याचा नळ चालू झाल्याचा आवाज आला, बस. ती परत बोगद्याशी आली.

छप.

पाण्यावर हात मारल्याचा आवाज. पुन्हा छप. आणि मग काहीच नाही.

तिनं श्वास धरला. कूलरची घरघर, बोअरपाशी घागरीचा ठणका, आणि बोगद्यातून काहीच नाही. रडणं नाही, हुंकार नाही. ही तिसरी तऱ्हा. हिला उत्तर द्यायला जीपच पळवावी लागते.

पण जीप पळवणार कोण? ओरडून कुणी येत नाही, बडवून कुणी येत नाही. या इमारतीत कुणी कुणाला हाक मारत फिरत नाही. कुणाच्या गप्प होण्यानं इथं कुणाच्या घरात काही लुकलुकत नाही. सगळे सारखे तपासतात ती एकच गोष्ट. दर थोड्या वेळानं जाऊन, हात लावून, आहे का अजून, म्हणून बघतात ती एकच.

तिची नजर टाकीच्या बुडाशी गेली. तिथून घरोघरी जाणारे पाइप निघत होते, प्रत्येकाला पितळी कॉक. दाराला कुलूप असल्यामुळं कॉकना कुलूप नव्हतं. तिनं ओढणी हाताला गुंडाळली आणि पहिला कॉक फिरवला. तो हलेना. तिनं वीट मारली, तळव्याचं सालटं निघालं, कॉक फिरला. मग दुसरा. मग एकामागून एक सगळे.

पाण्याचा आवाज थांबला.

आधी खालून कुठून तरी एक बाई म्हणाली, "अय्या, गेलं!" मग एक खिडकी उघडली, जी सगळ्या उन्हाळ्यात उघडली नव्हती. मग दुसरी. "तुमच्याकडं हाय का?" "न्हाई ओ, आत्ता तर हुतं!" "आवो गुरुपादप्पा, टँकर सकाळीच आला ना? टाकी कुणी खाल्ली?" जिन्यात चपला वाजल्या, मग पुष्कळ चपला वाजल्या. साखराबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता: "मी सांगते, वर चोर हाय! मघापासून काहीतरी ठोकून राहिला! मला वाटलं तुम्हीच टाकी वाजवून बघताव!"

किल्ल्यांचा जुडगा खणखणला. "कोण रे तो हरामखोर," म्हणत गुरुपादप्पांनी दार ढकललं. मागं बाया, एकीच्या हातात लाटणं, एकाच्या हातात क्रिकेटची बॅट.

महानंदा त्यांना ढकलून खाली गेली.

"अक्का, कॉक तू बंद केलंस? कॉक?" गुरुपादप्पा मागून विचारत राहिले.

किल्ली दारात बसेना. हात रक्तानं ओला झाला होता. साखराबाईनं तिच्या हातातून किल्ली घेतली आणि लॅच उघडलं.

मितू टबाच्या काठाला धरून उभी होती. फरशीवर पाणी, फ्रॉक ओलाचिंब, आणि तोंडात प्लास्टिकच्या मगाची मूठ पार आतपर्यंत खुपसलेली. नवा दात शिवशिवत असावा. ती इतकी मन लावून चावत होती, की तिला रडायला सवड नव्हती. दारातली गर्दी बघून तिनं मग सोडला, पाण्यावर एक चापट मारली आणि भोकाड पसरलं.

महानंदा तिला छातीशी घेऊन ओल्या फरशीवर बसली. कुणी तरी टब उचलून मोरीत ओतायला निघालं, तेव्हा साखराबाई खेकसली, "ओतताव काय? डोकं फिरलं का? माझ्या घरी नेऊन ठिवा." रडताना महानंदाला हसू आलं आणि ते थांबेचना.

उशाशी फोन होता. पडद्यावर ओळ होती: निरंक पाठवले. तिनं मामांना फोन लावला.

"जयभीम सूनबाई. आलं हो तुमचं निरंक. येळेवर."

"मामा, ते मी दिलं नव्हतं."

आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. तिनं मान खाली घातली.

"लेकरू?" मामांनी विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

"आहे. कडेवर आहे."

"रडू द्या तिला फोनात. मला ऐकू द्या."

मितूला मग परत मिळाला होता, ती आता अजिबात रडायला तयार नव्हती. शेवटी महानंदानं तिच्या हातातून मग काढून घेतला. लोह्याकडच्या त्या लिंबाखाली तिचं भोकाड पोचलं, तेव्हा मामा म्हणाले, "बास, बास. निघालो मी. सांजच्या एसटीनं येतो. कॅन आणतो."

जिन्यात अजून सगळे उभे होते. गुरुपादप्पांनी कॉक उघडून दिले होते आणि आता लाजून, जरा जास्तच मोठ्यानं, नियम सांगत होते: यापुढं कुलूप लावण्याआधी गच्चीवर एक चक्कर, तीन हाका. साखराबाई कॅरीबॅगनं महानंदाच्या हाताला वारा घालत होती. महानंदा मितूला घेऊन दारात उभी राहिली आणि माणसं बघू लागली. बघता बघता तोंडातल्या तोंडात नावं घेऊ लागली. समोरच्या मावशी, हाय. खालचे बँकवाले, दोघंही हाय. क्लासची मुलं भाड्यानं राहतात ती, बॅट घेऊन, हाय. तळमजल्यावरची भाभी, हाय.

"पहिल्या मजल्यावरच्या शिवम्मा कुठायत?" तिनं विचारलं.

शिवम्मा देगलूरकडच्या. पोरं पुण्याला, त्या एकट्या. इमारतीत पाण्यावरून सगळ्यात आधी आणि सगळ्यात खमंग शिवी यायची ती त्यांच्या दारातून, अर्धी तेलुगूत.

"असंल घरातच," बँकवाले म्हणाले. "टीव्ही चालू हाय की. येताना ऐकला मी."

"नळ गेला तरी वर आल्या नाहीत?"

"झोपल्या असतील गं."

महानंदा मितूसकट खाली उतरली. दाराआड मालिका चालली होती. कुणी तरी हुंदके देत होतं, मागं पेटी वाजत होती. तिनं बेल दाबली. हाक मारली. कडी वाजवली. मालिकेत जाहिरात लागली, संपली. पायपुसण्यावर सकाळची दुधाची पिशवी तशीच होती, फुगलेली.

गुरुपादप्पा शिवम्माच्या पोराला पुण्याला फोन लावायला धावले आहेत, दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या भाभीकडं असते, ती आणायला भाभी गेली आहे. महानंदा दाराला कान लावून उभी आहे, मितू तिची ओढणी चावते आहे. किल्ली येईपर्यंत तिला दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती तुम्हाला सांगते आहे. तुमच्या जिन्यातही असं एक दार असेल, जिथून रोज आवाज येतो म्हणून तुम्ही कधी वाजवत नाही. हे खाली ठेवा. जा, वाजवा, आणि आतून माणूस बोलेपर्यंत तिथून हलू नका.